झोपेत लावलेलं तेल

(इस्पितळातला पुरुषांचा वॉर्ड, सकाळची भेटीची वेळ. खाटेवर कारखान्यात लेथवर लोखंड कापून निवृत्त झालेला टर्नर. शेजारी त्याची लेक, कडेवर तान्हं बाळ. समोर चर्चचे नवे, तरुण फादर.)

टर्नर : आणि स्टूल ओढू नका. बसलेल्या माणसावर मला नीट ओरडता येत नाही.

फादर : काका, आपल्या प्रकृतीला उतार पडला हे ऐकून मला मनापासून आनंद...

टर्नर : आनंद नंतर. गेल्या मंगळवारी माझ्या कपाळाला तेल कोणी लावलं?

फादर : मी लावलं. आजाऱ्यांसाठीचा तो पवित्र संस्कार आहे. शरीराला आणि आत्म्याला...

टर्नर : काय आहे ते मला माहीत आहे. मला विचारलंत का?

फादर : आपण शुद्धीवर नव्हतात.

टर्नर : शुद्धीवर नसलेल्याचा खिसा कापला तर पोलीस येतात. तुम्ही सरळ कपाळाला हात घातलात!

लेक : पप्पा, हळू. आत्ता कुठे डोळा लागलाय याचा. आणि फादरना मी बोलावलं. भांडायचं तर माझ्याशी भांडा.

टर्नर : तुझ्याशी भांडायला जन्म पडलाय.

लेक : पडलाय? गेल्या सोमवारी डॉक्टर म्हणाले, नातेवाइकांना कळवा. एका हातात हा, दुसऱ्या हातात तुमचे सह्यांचे कागद. याला पाजायची वेळ टळून गेलेली, दुधानं छाती दगड झालेली. त्यात मला जे सुचलं ते केलं. आई असती तर तिनंही हेच केलं असतं.

टर्नर : तुझ्या आईला सगळं ठाऊक होतं. तिनं मुळीच केलं नसतं.

लेक : काय ठाऊक होतं?

टर्नर : राहू दे. तेल तर मी शुद्धीवर आल्या आल्या पुसलं. पण काल चर्चमध्ये काय बोललात हो फादर? संध्याकाळपासून तीन जण येऊन अभिनंदन करून गेले. माझं काय लग्न ठरलंय?

फादर : ते माझं इथलं पहिलं प्रवचन होतं. मी आपलं नाव घेतलं नव्हतं.

टर्नर : ‘आपल्याच वस्तीतले एक टर्नर चाळीस वर्षांनी प्रभूच्या घरी परतले.’ किती टर्नर आहेत वस्तीत?

फादर : ...एकच.

टर्नर : ‘आणि तेलाचा स्पर्श होताच त्यांच्या डोळ्यांतून अश्रू ओघळला.’

फादर : ते मात्र मी स्वतः पाहिलं, काका.

लेक : फादर, त्याच्या जरा आधी नर्सनं डोळ्यांत औषध घातलं होतं. बुबुळं कोरडी पडू नयेत म्हणून.

फादर : मला... मला हे माहीत नव्हतं.

टर्नर : माहीत नव्हतं नाही, विचारलं नाहीत. माझ्याकडे नवा माणूस आला की महिनाभर मी त्याला मशीन सुरू करू द्यायचो नाही. माप घे, म्हणायचो. नुसतं माप घे. घाईनं एकदा कापलेलं लोखंड परत जोडता येत नाही. किती दिवस झाले तुम्हाला इथं येऊन?

फादर : एकोणीस.

टर्नर : एकोणीस दिवसांत माझा आत्मा वाचवून मोकळे!

फादर : मोठ्या फादरांनी मला एक यादी दिली होती. जे चर्चला यायचे थांबले त्यांची. म्हणाले, यांच्या घरी जा, सुवार्ता सांग, शिकशील. आपलं नाव त्यात होतं. कारण काही लिहिलेलं नव्हतं.

टर्नर : ज्यांनी लिहायचं त्यांनीच केलेलं. ते कसले लिहितात?

लेक : काय केलेलं? पप्पा, आता अर्धवट सोडू नका.

टर्नर : तुझ्या काकाचं.

लेक : काका अपघातात गेला ना?

टर्नर : असं तुला सांगितलं. त्यानं स्वतःच जीव दिला. चोवीस वर्षांचा होता.

लेक : पप्पा...

टर्नर : तेव्हाचे फादर म्हणाले, अशाला आत जागा नाही. मिस्साची प्रार्थना नाही, घंटा नाही. कब्रस्तानाच्या भिंतीबाहेर खड्डा मी खणला, या हातांनी. माझी आई दर रविवारी मिस्सा ऐकायची आणि मग आतून भिंतीवरून फुलं टाकायची. त्याच्यावर पडायचीसुद्धा नाहीत, म्हातारीच्या हातात जोर कुठला? ती गेली, तिला आत पुरली. माय आत, लेकरू बाहेर. त्याला पुरला त्या दिवशीच मी ठरवलं होतं, जिथं तो चालत नाही तिथं मी जाणार नाही. त्याच्यासाठी एवढं एकच करता येण्यासारखं उरलं होतं. चाळीस वर्षं केलं. तुम्ही ते कापसाच्या बोळ्यानं पुसलंत, आणि वर माईकवरून सांगितलंत!

फादर : काका... आता तसा नियम नाही.

टर्नर : म्हणजे?

फादर : आता अशा माणसालाही आत जागा देतात. मिस्साही होते. बरीच वर्षं झाली.

टर्नर : किती?

फादर : माझा जन्म व्हायच्या आधीपासून.

टर्नर : आणि आमच्या घरी कोण आलं हे सांगायला? छपराच्या दुरुस्तीला माणसं हवी होती तेव्हा आले. घरात डोकी किती ते मोजायला आले. घरोघर सुवार्ता घेऊन हिंडता ना तुम्ही? आमच्या घराला एवढी एकच बातमी हवी होती! माझी आई त्यानंतरही किती वर्षं जगली. भिंतीवरून फुलं फेकत जगली!

फादर : यायला हवं होतं. त्याच वर्षी.

लेक : आणि पप्पा, मला का नाही सांगितलंत कधी? मी काय परकी होते? आणि फादर, तुम्हीही. फोनवर मला एकच विचारलंत, बाप्तिस्मा झालाय का. त्यांना चालेल का, एवढं विचारलं असतंत तर मी थांबले असते. चर्चचं नाव काढलं की हे ताटावरून उठतात, हे तर माझ्या डोळ्यांदेखतचं आहे. पण मी घाबरले होते हो. घाबरलेल्या माणसाला कोणीतरी थांबवायला हवं.

फादर : ते माझं काम होतं. मी चुकलो, ताई. काका, येत्या रविवारी तिथंच उभा राहून सांगतो.

टर्नर : काय सांगाल?

फादर : तुम्ही परत आलेला नाहीत. मी न विचारता बोललो.

टर्नर : आणि त्याचं?

फादर : तुम्ही म्हणाल तर.

टर्नर : नाही. त्याचं तोंडातोंडी खूप झालं तेव्हा. आता नको.

फादर : मग मी त्याच्याकडे जातो. इथून सरळ. त्याची प्रार्थना राहिली आहे.

टर्नर : तिथं आता लोक सायकली लावतात.

फादर : बाजूला करायला सांगेन.

टर्नर : बघतील सगळे.

फादर : बघू देत.

टर्नर : आणि यानं मी चर्चला येईन असं धरून चालू नका.

फादर : नाही धरत. भिंतीचं मोठ्या फादरांना विचारतो. ती पाडतील की नाही, ते मला माहीत नाही. विचारतो एवढं नक्की.

लेक : जागा दाखवायला मी जाते, पप्पा.

टर्नर : पोराला घेऊन? ऊन बघ बाहेर.

लेक : टोपडं आहे त्याला. चुलत आजोबा आहे तो त्याचा. जाऊ दे की एकदा.

टर्नर : ...फाटकाकडच्या कोपऱ्यापासून मोज. अकरा पावलं. तुझी चौदा होतील.

फादर : प्रार्थनेत नाव घ्यावं लागतं, काका. बाप्तिस्म्याच्या वहीत आहे ते घेऊ?

टर्नर : वहीतलं नको. त्या नावानं त्याला शाळेतला मास्तर तेवढा बोलवायचा, तोही मारायला.

लेक : मग कोणतं?

टर्नर : बारक्या म्हणा. ती हाक मारली की खेळ टाकून यायचा.