देवाचा मार

माहं नाव याकोब. दिग्रसच्या अलीकडं आमचं गाव, ख्रिस्ती घरं थोडीच. मायबाप लवकर गेले, मले मोठं केलं ते शांतवन दादानं, माह्या मोठ्या भावानं.

ईस्टरच्या आधी झावळ्यांचा रविवार येते, तवा आमी शिंदीच्या झावळ्या घेतो, खजुराच्या कुठून आणाव्या? त्या नाल्यावरून तोडून आणाचं काम आमा भावांचं. त्या वर्षी सकाळी मी झाडावर चढलो तर वर ताडीसारख्या नशेच्या शिंदीचं मडकं बांधेल. प्रभूच्या झावळ्या तोडता तोडता मी ते मडकं पिऊन रिकामं केलं. झावळ्या टेम्पोत भरून तो चालवाले बसलो तवा दादा म्हणे, दे इकडं. मी म्हटलं, ड्रायव्हरची सरकारी नोकरी मले लागली का तुले? मागं झावळ्यांवर चर्चच्या मंडळीतली लेकरं बसेल, होसान्ना म्हणत. मोरीजवळ टेम्पो उलटला. त्यातली रूथ तवा एवढीशी होती, तिचा पाय खाली सापडला.

लोकं धावत आले तवर दादानं मले ओढून बाजूले केलतं अन् स्वतः स्टेअरिंगपाशी उभा राह्यला. म्हणे, मी चालवत होतो. मले हळूच म्हणे, तोंड उघडू नको, तुही बायको पोटुशी हाये. नाही उघडलं मी.

तो जेलात जाऊन आला. मंडळीनं त्याचं प्रभुभोजन, चर्चमधली ती पवित्र भाकर, बंद केलं. वेदीपुढं उभा राहून गुन्हा कबूल कर, मंग भाकर मिळन, असं पाळक म्हणत. दादा काही पुढं जायेच ना. मले घरी म्हणे, पोलिसापुढं खोटं बोललो, तिथं नाही बोलता येत. म्हणून इतके वर्षं शेवटच्या बाकावर, ताटली त्याच्यापुढून निघून जाये. पुढं त्याच्या उजव्या हाताले लकवा झाला, तर लोकं म्हणाले, देवाचा मार हाये. मीबी मान हलवली, खोटं कायले सांगू.

गुड फ्रायडेले बायबलातल्या जुन्या संदेष्ट्याचा तो दुःख सोसणाऱ्या सेवकाचा अध्याय आमच्याकडं पाळीपाळीनं वाचतात. यंदा पाळी माही. नवीन पाळकांनी आधी समजावून देल्लं, का हे येशूच्या कितीतरी आधीचं बोलणं, यहुदी लोकं त्यात आपल्या लोकांचं दुःख वाचतात, आपण येशूले पाहतो. आपला मार त्यानं घेतला, अन् आपण समजलो का देवच त्याले मारून राह्यला. वाचता वाचता मी नेमका तिथं आलो अन् बोट त्याच ओळीवर ठेवून थांबलो.

मागून दादा म्हणे, वाच ना बे पुढं, लोकं उपाशी हायेत.

मी काय बोलणार हाये ते त्याले समजलं होतं. मी म्हटलं, दादा, टेम्पो मी चालवत होतो. मी शिंदी प्यालो होतो.

रूथ काठी टेकत उठली, आता ती शाळेत शिकवते. म्हणे, याकोब काका, शांतवन काकाचा सलाम मी आजवर कधी घेतला नाही, त्याचं मी आता काय करू?

ईस्टरले दादाचं प्रभुभोजन खुलं झालं, माहं बंद झालं. ताटली त्याच्यापाशी आली, त्यानं डाव्या हातानं पुढं सरकवली. घरी मी भांडलो. म्हटलं, घे ना आता, अजून किती उपकाराखाली दाबशीन मले, तू काही तारणारा नोहोस. तर म्हणे, तारणारा कायले, मी तुहा मोठा भाऊ हाओ, आपण संगच जेवतो.

आता आमी दोघं शेवटच्या बाकावर बसतो. रूथ त्याले सलाम करते, माह्याकडं पाहत नाही. नको पाहू दे. प्रभू त्या लेकराले सुखी ठेवो.