साडूचं बिनव्याजी कार्ड

आमच्या काष्टीच्या साडूचं मला काही बघवत नाही, हे आधीच सांगून टाकतो. परवा भला मोठा टीव्ही घेतल्याचं सांगायला तो खास पाथर्डीला आला. मी मुद्दाम विचारलं, "क्रेडिट कार्डावर घेतला ना? फेडणार कसं?"

"फेडलं की! दुसऱ्या बँकेनं नवं कार्ड दिलं, जुन्या कार्डाचं देणं तिनंच भरलं. आता सहा महिने व्याज न्हाई. बॅलन्स ट्रान्सफर म्हणत्यात त्याला."

माझा नुसता जळफळाट. मला कधी कुणी फुकट चहा पाजला नाही, आणि याचं देणं बँक भरते!

दुसऱ्याच दिवशी मी बँकेत. म्हटलं, "मलापण तसलं कार्ड द्या."

साहेबांनी विचारलं, "आधीचं कर्ज किती?"

"एक रुपया नाही!" मी छाती काढून सांगितलं.

"मग ट्रान्सफर काय करायचं? आणि कधी कर्जच घेतलं नाही, तर तुमचा भरवसा कसा धरायचा? कार्ड अवघड आहे."

घरी येऊन बायकोला सांगितलं. वाटलं, ही तरी कौतुक करील. भाकरी थापत ती म्हणाली, "बघा. दाजींवर दोन बँकांचा भरवसा हाय. तुमच्यावर एकीचाबी न्हाई."