पाचव्या भागातलं दार

हेवी मेटल बँडचं पाच भागांचं ते गाणं आज अख्खं वाजणार, म्हणून फिनलंडमधल्या टाम्पेरे शहरातल्या हॉलबाहेर दुपारपासूनच रांग लागली होती. थर्मासमधली कॉफी पीत उभ्या असलेल्या हिल्काच्या पुढेच दोघं बहीणभाऊ हुज्जत घालत होते.

"चौथ्या भागात तळ्यावरचा बर्फ फुटतो, तुइरे. पोराला शोधायला निघालेला म्हातारा बाप तिथंच बुडतो."

"शब्दांत कुठंय तसं, ओस्मो?"

"शब्द! शब्दच हवेत तर बालगीतं ऐक. मेटलमध्ये गोष्ट ड्रम सांगतो. सात ठोके, मग शांतता. संपला म्हातारा!"

"ड्रमवाला दम खात असेल."

"वीस मिनिटांचं गाणं, आणि हिची अक्कल दम खाण्यापर्यंत!"

"मग पाचव्या भागात पोराचं दार कोण वाजवतं?"

"भूत. शेंबड्या पोरालाही कळेल."

"आणि पोरगा दार उघडतो?"

"कशाला उघडेल? पहिल्या भागात ज्या बापानं त्याला घराबाहेर काढलं, त्याच्यासाठी?"

"गाणं तर दार वाजतानाच संपतं. उघडलं नाही, हे तुझं तू ठरवलंस."

"वीस वर्षं ऐकतोय मी!"

"वीस वर्षं पाचवा भाग लागला की तू बिअर आणायला जातोस."

रांग पुढे सरकली. ओस्मो जागचा हलला नाही. हिल्कानंही त्याला हटकलं नाही.

"बाबांचा फोन आला होता," तुइरे म्हणाली. " शनिवारी येतायत. माझ्याकडे नाही, तुझ्याकडे. काय सांगू त्यांना?"

"भुताला म्हणावं, बूट काढून आत ये."