बायकोचं नाव काय?

शंकर नगरातल्या मेंदूच्या दवाखान्यात, पंख्याखाली नंबरची वाट पाहता पाहता ओजसचा डोळा लागून राहिला होता. मागच्या बाकावर एक म्हातारे काका, काकू आणि त्यांची भाची. आवाज झोपेतूनच येत होते.

"संपदा, तू तर फिलॉसॉफीची प्रोफेसर. मेंदूच्या डॉक्टरांत काय करून राहिली?"

"मावशी, मन कुठं राहते, हे पुस्तकांत सापडलंच नाही. म्हणून त्यांच्यासोबत शिकून राहिली."

"मंग, सापडलं?"

"अजून नाही."

"हव का! इथं तुह्या काकाचं हरवलं. डॉक्टरनं विचारलं, बायकोचं नाव काय? हे माह्याकडे पाहतच राहिले. डॉक्टर म्हणे, ओळख गेली."

"काकांनी तुले कधी नावानं हाक मारली?"

"बाप्पा! सासूबाईंसमोर बायकोचं नाव कोण घेते? मंग सवयच नाही लागली."

"मावशी, उठ. काही न बोलता दाराकडे चालत जा."

"काहून?"

"जा तर."

चपला वाजत दूर गेल्या. ओजसनं डोळे उघडले नाहीत.

"अवं," मागून एक जड आवाज आला, "आयकलं काय? मले सोडून कुठं चालली?"