निळ्या सायकलीचा पहिला हात

सोनाबाई : अवं, ती खिडकी उघडा आधी. सकाळधरनं डोकं गरगरतंय माझं.

महिपती : उघडली की सोलापूरची सगळी धूळ सायकलीच्या ओल्या रंगावर येऊन बसंल. मग कसलं फिनिशिंग! हुसेनचाचा, तुमीच सांगा हिला. पंचवीस वर्सं ट्रकांना रंग मारलाय तुमी.

हुसेनसाब : धूळ बसते, हौ. पण बंद खोलीत फवाऱ्याची बंदूक चालवायची नसते, महिपती. आमच्या गॅरेजला तीन बाजूंनी भिंतच नव्हती. आणि तोंडाला काय बांधलं तू?

महिपती : ओला रुमाल.

हुसेनसाब : रुमाल रंगाचे थेंब अडवतो. थिनरची हवा न्हाई अडवत, ती सीधी छातीत जाते. मी बोललो होतो तुला, घरात करायचं तर तेलाचा रंग आण, ब्रशनं मार.

महिपती : ब्रशचे फराटे दिसतात, चाचा. खंडेनवमीला आमच्या पार्सल हापिसाम्होरं सगळ्यांच्या सायकली पूजेला ओळीनं लावतात. माझ्यासंगं कामाला असलेला तो बसवराज फराटे मोजत बसंल. वर्सभर हौस धरलीया मी, खाली निळा आन् वर पांढरी पट्टी. सकाळी पहिला हात मारला, आता दुसरा मारला की झालं.

सोनाबाई : तुमची हौस व्हईल आन् आमचा जीव जाईल! चाचा, आतल्या खोलीत घट बसल्यात. आज सहावी माळ. अखंड दिवा हाय, जमिनीवर. बाजूला पाळण्यात पोर झोपलीया. आन् मधी नुस्ता पडदा.

हुसेनसाब : दिवा? पेटलेला दिवा हाय आत?

महिपती : म्हणून तर तुमाला बोलावलं. सकाळधरनं आमची नाकं बधिर झाल्यात. वास घेऊन सांगा, सकाळचं थिनर उडालं का न्हाय. अगं, चाचा नुस्त्या वासावर थिनरमधली भेसळ ओळखायचे. अख्खं गॅरेज म्हणायचं, नाक असावं तर हुसेनसाबचं.

हुसेनसाब : थांबा. पडद्यापाशी बघतो... हां. काय वास न्हाई इथं. उडून गेला. डरू नक्को, बेटी.

सोनाबाई : मग माझं डोकं का फिरतंय?

हुसेनसाब : नवरात्राचा उपास असेल तुझा. पोटात काय नसलं की फिरतं.

सोनाबाई : व्हय, उपास हाय खरा.

महिपती : बघ! उगाच काळीज हातात घिऊन बसतीस.

हुसेनसाब : माझा पण घसा सुकला. ह्या तांब्यातलं पाणी घेतो जरा.

सोनाबाई : चाचा! ठेवा! खाली ठेवा ते! थिनर हाय! डब्याचं बूच मोडलं म्हणून ह्यांनी तांब्यात वतलंय!

महिपती : पिला काय? चाचा, घोट घेतला काय?

हुसेनसाब : न्हाई. ओठापर्यंत आला होता.

सोनाबाई : पार नाकाखाली धरला तुमी तांब्या. वास न्हाय आला?

महिपती : चाचा, काय झालं?

हुसेनसाब : आठ वर्सं झाली. कशाचाच वास न्हाई येत मला.

सोनाबाई : मग आत्ता पडद्यापाशी काय बघितलं तुमी?

हुसेनसाब : कायच न्हाई, बेटी. सांगायला शरम वाटली. गलती झाली माझी. पोरीला उचल. आधी पोरीला उचल!

सोनाबाई : उचलली. ये गं माजे बाय, ये. चाचा, दिवा विझवू का? देवी काय समजायचं ते समजंल, पन माझी पोर...

हुसेनसाब : वाकू नक्को तिकडं! थिनरची हवा खाली बसते, जमिनीला. दिव्याच्या जवळ जाऊ नक्को. मागच्या दारानं भाईर निघ. महिपती, दारं उघड, खिडकी उघड. लाइटच्या बटणाला हात लावू नक्को. तो तांब्या मी उचलतो.

(तिघं अंगणात. घराची दोन्ही दारं सताड उघडी. पोर रडतेय.)

महिपती : सोना, मला वाटलं...

सोनाबाई : काय बोलू नका. लई भ्याले मी.

हुसेनसाब : इथून दिवा दिसतो का?

सोनाबाई : दिसतोय. हलतोय वाऱ्यानं, पन हाय.

हुसेनसाब : घंटाभर कोणी आत जायचं न्हाई.

महिपती : चाचा, आठ वर्सं कुणालाच सांगितलं न्हाय तुमी?

हुसेनसाब : कसं सांगू? नाकावरच तर नाव होतं माझं. पहिले थिनरनं नुस्तं डोकं दुखायचं. मग जेवणाची मजा गेली. मला वाटलं, बीवीच्या, जाहिदाच्या हाताची चव बिघडली. लई बोललो बिचारीला. एक दिवस भात करपून घरभर धूर झाला, आणि मी तिथंच बसून पेपर वाचत होतो. तेव्हा तिला कळलं. मला पण.

सोनाबाई : वारा सुटला. धूळ चालली बघा आत, तुमच्या सायकलीवर.

महिपती : जाऊ दे. उद्या सात रस्त्यावरच्या दुकानातनं तेलाचा रंग आन् ब्रश आणतो. हितंच मारतो, अंगणात. खंडेनवमीपातुर वाळला तर वाळला. बसवराजला काय मोजायचं ते मोजू दे... सोना, झेंडूचा वास येतोय बघ. घटाच्या माळंचा.

सोनाबाई : व्हय. मला बी येतोय.

हुसेनसाब : येतोय ना? मग ती भाड्याची बंदूक आजच परत कर.

महिपती : करतो, चाचा.

हुसेनसाब : झेंडू... थोडा कडवट असतो ना, बेटी?

सोनाबाई : व्हय, चाचा. अजून तसाच हाय.