गजराबाईच्या आतलं चित्र

मंडळी, ऐका! आज एकच प्रश्न विचारतो. माणूस नुसता बघून कळतो का? कळतो म्हणणाऱ्यांनी हात वर करा! — अहो, कीर्तन करणाऱ्या या बुवाच्या पोटाकडे बघत हात वर करू नका!

वैराग गावाच्या बाजूची तीन भावंडं. थोरला सदाशिव, मधली गजरा, धाकटा रंगनाथ. सदाशिवाचं यकृत गेलं! डोळे पिवळेजर्द, पोटात पाणी. डॉक्टर म्हणाले, "भावंडांपैकी कुणी आपल्या यकृताचा तुकडा दिला, तर वाचतील. उशीर करू नका."

घरात रडारड! आणि सगळ्यांच्या नजरा कुणाकडे? रंगनाथाकडे! नुसती शेवग्याची शेंग! कापडाच्या दुकानात गादीवर बसायचा, आणि सोमवार, गुरुवार, शनिवार, वर चतुर्थी, एकादशी — उपास! आणि गजराबाई? दारातून आडवी होऊन आत यायची. पोरं म्हणायची, "आत्या, बाज मोडंल!" तीच आधी हसायची.

ती म्हणाली, "मी देते की दादाला."

रंगनाथ म्हणतो, "आक्का, तुझ्यात सगळी चरबीच. दादाच्या पोटात काय तूप घालायचंय?"

हसले सगळे! तीही हसली. पण पदर डोळ्याला लागला, तो कुणी बघितला नाही.

डॉक्टर म्हणाले, "दोघांनाही यंत्रात घालू."

आता यंत्र ऐका! मोठा गोल बोगदा. आत निजायचं, हलायचं नाही. ठक-ठक-ठक आवाज! मधेच हुकूम — श्वास धरा! सुरी नाही, रक्ताचा थेंब नाही — आणि बाहेर पडद्यावर अख्खा माणूस! हाड वेगळं, मांस वेगळं, चरबी वेगळी. किती आहे तेवढंच नाही, कुठं दडून बसलीय तेही! सांगताना काटा येतो हो अंगावर! देवाला आपण अंतर्यामी म्हणतो. त्यानं माणसाच्या बुद्धीला केवढी खिडकी उघडून दिली! वजनकाटा बिचारा काय सांगणार? पोतं जड आहे, एवढंच. आत ज्वारी की खडे, त्याला काय ठाऊक?

डॉक्टरांनी चित्र दाखवलं. "रंगनाथराव, हे तुम्ही. आतड्यांभोवती चरबी, यकृतात तर भरलीय. हा तुकडा घेता येणार नाही."

"अहो, मी उपासाचा माणूस!"

"उपासाला खाता काय?"

"साबुदाणा... दाण्याचं कूट घालून. बटाट्याचा कीस, वेफर, लाडू. आणि चहा — साखर जरा जास्त, पोटात काही नसतं ना!"

हसा, हसा! एकादशी अन् दुप्पट खाशी! — ओ पाटील, तुम्ही का खाली बघताय?

मग डॉक्टर गजराबाईकडे वळले. "मावशी, तुमची चरबी बहुतेक कातडीखाली आहे. गुडघ्यांसाठी ती उतरवायलाच हवी. पण यकृत बघा तुमचं — स्वच्छ! बाकीच्या तपासण्याही चांगल्या आल्यात. तुम्ही देऊ शकता."

गजराबाई बघतच राहिली. जन्मात कधी आरशापुढं धड उभी न राहिलेली बाई! हात जोडले तिनं. हळूच म्हणाली, "देवा... हे माझं हाय?"

मंडळी, दिला तिनं तुकडा! सदाशिवाचे डोळे निवळले, माणूस भाकरी मागून खायला लागला. रंगनाथ दवाखान्यात आला आणि बहिणीच्या पायांवर कोसळला. "आक्का, मी काय बोललो गं तुला!"

ती म्हणाली, "पाया नगं पडू. उद्यापासनं चालायला लाग. एक तुकडा दादाला दिला रे. तुझ्यावर वेळ आली, तर मी दुसरा कुठनं आणू?"

...थांबा. टाळ नंतर वाजवा.

उपासाचं ताट घरी जाऊन नीट बघाच. डॉक्टरकडंही जा. पण तुमच्याही घरात कुणीतरी आहे, जिच्या अंगावरून तुम्ही रोज हसता. आज तिच्यापुढं जाऊन बसा. यकृतातली चरबी दिसायला लागली, मंडळी. तिनं तुमच्यासाठी आत काय राखून ठेवलंय, ते दाखवणारं यंत्र अजून निघालेलं नाही!