कुंपणाआतली झील

मी सखूबाई, मुरबाडच्या अलीकडं ओढ्याच्या कडंला आमची बौद्धवस्ती, तिथली. बाप माझा जलशात गायचा, डफ घेऊन गावोगाव, न् मी चालाय लागले ती त्याच्याच मागं. आमची रीत अशी, गाणारा फुढं, झील धरणारा मागं, न् गाताना मागं वळून बघायचं नाय. बाप बोलायचा, मागं आपला माणूस हाय यावर भरोसा ठेव न् गा. मी ओळ टाकून थांबायची, मागून माझा भाऊ बबन ती उचलायचा. जरा उशिराच उचलायचा तो, जल्मभर शिव्या घातल्या मी, अरे मेल्या, झोपला का? मजुरीचा मोर्चा असो, पाण्याचा असो, आमी दोघं व्हतोच.

आता पोरांना डीजे लागतो. जयंतीला टेम्पोवर ही मोठाली खोकी, छाती धडधडती पर शब्द कळत नाय. मी बोलायची, यावर नाचता येतं रे, भांडता येत नाय. पोरं हसायची, आत्या, तुजा डफ ऐकतो कोण आता?

मंग वस्तीला लागून एक फार्महाऊस झालं. तारेचं कुंपण, लोखंडी दार, न् आमची मसणवट्याची वाट गेली आत. बबन गेला तो भर पावसाळ्यात. दार उघड बोललो तर वॉचमन बोलला, मालकाला विचारलं पायजे, न् मालक फोनच उचलीत नाय. शेवटी ओढ्यातनं नेला. पोरांच्या कमरेला पाणी, तिरडी कलली, माझ्या भावाचा हात पाण्यात लोंबला. हे मी या डोळ्यांनी बघितलं, काय सांगू तुमाला, आजून जळतंय आत.

मंग तहसीलदार कचेरीवर मोर्चा काढला. पोरांनी डीजे आणला, पोलिसांनी बंद करायला लावला. कोणाला घोषणा सुचंना. तीच पोरं बोलली, आत्या, आता तूच गा. भर दुपार, डोक्यावर ऊन. मी डफ घेतला, आमची वाट आमाला द्या अशी ओळ टाकली न् सवयीनं थांबले. चुकलंच बघा, बबन नाय हे ध्यानातच नाय आलं. न् मागून झील आली. जरा उशिरा. दर ओळीला आली. पर मी वळले नाय. संपल्यावर पोरांना विचारलं, झील कोणी धरली रे? ती एकमेकांच्या तोंडाकडं बघाय लागली, आत्या, आमाला कुठं येती झील, आमाला वाटलं मागं कोण म्हातारं हाय. त्यांच्या मागं नुसती कचेरीची भिंत व्हती.

धम्म घेतला तवापासून आमच्यात भूतबीत कोण मानीत नाय. मीबी मानीत नाय. पर ऐकलं ते ऐकलं.

तहसीलदार साहेब बोलले, बघतो. थोड्या दिसांनी तो वॉचमनच घरी आला, तोंड पांढरंफटक. बाई, तुमी दुपारच्याला ओट्यावर गाता ना, तवा कुंपणाच्या आतून कोणतरी साथ देतं, मी जाऊन बघतो तर गवतबी हालत नाय. मी दार उघडं ठेवतो, मालकाला सांगू नका, पर त्या साथ देणाऱ्याला बोलवू नका.

तवापासून दार उघडं. वस्तीतली लोकं बोलली, आत्या, जिंकलो. मी बोलले, कसलं डोंबलाचं जिंकलो? हा वॉचमन गेला, दुसरा आला, तो नाय भ्यायला तर? माझ्या भावानं जल्मभर हक्कासाठी घसा फोडला, न् तुमी त्याला भूत करून कुंपणाला बांधता व्हय? वाट कागदावर चढली पायजे.

म्हणून सोमवारी परत मोर्चा हाय. पोरं येतात आता झील शिकायला, त्यांचा डीजेबी असू दे, नाचू दे त्यांना. सुखी राहा बोलते मी. वाट कागदावर चढली की माझा भाऊ गप होईल, मंग त्याचा आवाज मला परत कधी ऐकू येणार नाय, हे कळतं मला. तरी जाते.